कमरेचा छल्ला

(शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकरी आणि कारागीर स्त्रीपुरुषांपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही ज्या वस्तूविषयीं बोलणार आहों ती तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं आजीच्या पेटींत पडली असेल, नाहींतर मोडींत जाऊन तिचे पैसे केव्हांच खर्च झाले असतील. ती वस्तु म्हणजे कमरेचा छल्ला. चांदीचा पसरट आंकडा, तो कमरेला लुगड्यांत खोचावयाचा. आंकड्याच्या दर्शनी बाजूस मोर नाहींतर कमळ, खालीं दोनचार साखळ्या, साखळ्यांना घुंगरें, आणि शेवटीं वाटोळें कडें, त्यांत किल्ल्या. बाई चालूं लागली कीं किल्ल्या वाजाव्या आणि माजघरापासून गोठ्यापर्यंत सगळ्यांना कळावें कीं घरधनीण येत आहे. कोणी म्हणेल, कांद्याला भाव नाहीं, विहिरी आटल्या, आणि तुम्हांला बायकांचे दागिने कसे सुचतात? आमचें म्हणणें एवढेंच कीं ज्या घराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हें ठाऊक नाहीं, त्या घराच्या कर्जाचा हिशेबही नीट लागत नाहीं. थोडें ऐकून घ्या, मग काय तें ठरवा.

छल्ला टिकला तो नऊवारी लुगड्याच्या जिवावर. कासोटा घट्ट, ओचा जाड, त्यामुळें पंधरावीस तोळ्यांचा आंकडा लटकला तरी लुगडें ढळत नसे. सहावारी पातळ आलें, सगळा भार परकराच्या नाडीवर आला, आणि छल्ला अडकवावयाला जागाच राहिली नाहीं. गुजराथेंत याच वस्तूला झुडो म्हणतात. बंगाल्यांत बायका किल्ल्यांचा जुडगा पदराच्या टोकाला बांधून पदर खांद्यावरून मागें टाकीत. तेथें कमरेची गरज लागली नाहीं. आजही सोनाराच्या दुकानांत चांदीचे छल्ले मांडलेले दिसतात, लग्नांत नवरीला देतात, पण तो देण्याघेण्याचा मान झाला. लग्नानंतर तो कपाटांत जातो आणि त्या कपाटाची किल्ली भलतीकडेच असते.

युरोपांतल्या बायकाही असेंच लटकवीत. त्याला शॅटलेन म्हणत. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ गढीची मालकीण. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत त्याचा फार शौक झाला. पट्ट्याला आंकडा, त्याखालीं पांचसहा साखळ्या, आणि एकेका साखळीला एकेक वस्तु: कात्री, अंगुस्तान, सुयांची नळी, शिसपेन्सिल, टिपणाची चिमुकली वही, घड्याळ, किल्ली. त्याच्याही आधीं, अठराव्या शतकांत, हातभर नव्हे, बोटभर डबी लटकवीत, तींत कात्री, चाकू, चिमटा, कानकोरणें असें सगळें बेतशीर बसविलेलें असे. तिला एत्वी म्हणत. आणि याहून जुनी गोष्ट सांगतों. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींचीं इंग्लंडांतलीं थडगीं उकरलीं तेव्हां बायकांच्या सांगाड्यांपाशीं, कमरेच्या जागीं, किल्लीच्या आकाराचे धातूचे तुकडे सांपडले. त्यांनीं कोणतेंही कुलूप उघडत नसावें असें जाणत्यांचें मत आहे. ही घरची धनीण होती, एवढेंच सांगण्यासाठीं ते तिच्याबरोबर मातींत ठेवले.

आतां यांतली गंमत पाहा. ती इंग्लंडांतली बाई कमरेला घरभर किल्ल्या मिरवी, पण लग्न झाल्याबरोबर कायद्यानें तिची जिंदगी नवऱ्याची होई. १८७० च्या कायद्यानें तिला स्वतःच्या मजुरीवर हक्क मिळाला. स्वतःच्या नांवानें मालमत्ता बाळगण्याचा हक्क १८८२ च्या कायद्यानें मिळाला आणि तो १ जानेवारी १८८३ पासून चालूं झाला. म्हणजे किल्ल्या शेंकडों वर्षें आधीं आल्या आणि मालकी मागाहून! वाड्याच्या राखणदाराच्या कमरेलाही किल्ल्या असतात. म्हणून त्याला कोणी वाड्याचा धनी म्हणत नाहीं.

आतां आपल्या गांवांत या. छल्ला घालीत असे कोण? पाटलीण, देशमुखीण, सावकाराची बायको, पेठेंतल्या दुकानदाराची बायको. कुळवाड्याच्या घरांत कुलूप लावण्याजोगें होतें काय? ज्वारी कणगींत, नाहींतर पेवांत. कणगीला शेणमातीचें लिंपण असतें, कडीकोयंडा नसतो. पेवाचें तोंड दगडमातीनें बुजवितात. भाकरी टोपल्यांत, लोणी शिंक्यावर. कुंभाराच्या घरीं मडकीं अंगणांत, तेल्याच्या घरीं पेंड पडवींत. अशा घरच्या बाईच्या कमरेला चांदीच्या किल्ल्या कोठून येणार? आमच्या बायांच्या कमरेला जें होतें तें निराळें, आणि त्याचें वर्णन कोणी लिहून ठेवलें नाहीं, म्हणून आम्ही तें येथें जरा सविस्तर करतों.

पहिला विळा. पाठीमागें कमरेला खोचलेला, मूठ बाहेर, पातें लुगड्याच्या घडींत. डोईवर पाटी, काखेंत पोर, दोन्ही हात गुंतलेले, तरी हत्यार अंगावर. चालतांना पातें लागूं नये म्हणून तें कोणत्या बाजूला वळवून खोचावें हें आई लेकीला शिकवी.

दुसरी चंची. चंची कापडाची. लांबट पट्टी, तिला एकापुढें एक खण, गुंडाळून वरून दोरीनें आंवळावयाची. एका खणांत पान, दुसऱ्यांत सुपारी, तिसऱ्यांत कात, चौथ्यांत तंबाखू. बरोबर चुनाळें आणि बेताचा अडकित्ता. शिवणाऱ्याची कळा पाहावयाची तर चंचीच्या कडेला पाहावी. उरल्यासुरल्या चिंध्यांच्या कांगोऱ्या अशा बसविलेल्या कीं रंगाला रंग लागून उठून दिसतो. आंतला खण मात्र पानाचा नव्हे. त्यांत दोन आणे, चार आणे, माहेराहून आलेला एखादा रुपया. नवऱ्याला ठाऊक असे, पण तो विचारीत नसे; शहाणा असला तर! म्हाताऱ्या बायांची ती बँक होती. पुण्यांत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तेथें नाना तऱ्हेचे अडकित्ते मांडून ठेवले आहेत. पुण्यास गेलांत तर पोरांना घेऊन जाऊन पाहा. लोहाराच्या हातांत काय होतें तें त्यांना कळेल. तंबाखूची तरफदारी मात्र आम्ही करीत नाहीं. चंची गेली आणि पुड्या आल्या, त्या अधिकच वाईट.

तिसरी वस्तु बाहेरच्या माणसाच्या नजरेला येत नसे, पण आपल्या बाभळीच्या मुलुखांत तिच्यावांचून चालत नव्हतें. एका कडींत ओंवलेलीं तीनचार इवलीं हत्यारें: कांटा काढावयाचा चिमटा, टोंचणी, कानकोरणें, दांतकोरणें. ज्याची ऐपत त्याचीं चांदीचीं, बाकीच्यांचीं लोखंडाचीं, पितळेचीं. घोड नदीच्या कांठच्या माळावर मेंढरांमागें हिंडणारी धनगरीण असो कीं भीमेकांठीं खुरपणीला जाणारी मजूरबाई असो, बाभळीचा कांटा वहाणेचा तळ भेदून आंत मोडतो. तो तेथल्या तेथें निघाला तर बरें. रात्रींपर्यंत राहिला तर पाय सुजतो, दुसऱ्या दिवशीं खाडा पडतो, आणि खाडा पडला कीं त्या दिवशींची भाकर गेली. म्हणून चिमट्याचीं दोन पातीं लोहारानें टोंकाशीं अशीं जुळवून द्यावयाचीं कीं केंस धरला तरी निसटूं नये. इंग्लंडच्या राणीच्या राज्यांत बायका सोन्याच्या डबींत जो चिमटा मिरवीत, तोच हा. त्यांचा भुंवया कोरावयाला, आमचा कांटा काढावयाला. आंकडा सोनारानें घडविला, चिमटा लोहारानें, चंची शिंप्यानें, विळ्याची मूठ सुतारानें. एका बाईच्या कमरेभोंवतीं चार धंदे उभे होते.

आतां चांदीविषयीं, कारण खरी गोम तेथें आहे.

कुणब्याच्या घरीं छल्ला नसला तरी चांदी होती. पायांत वाळे, तोडे, दंडांत वांक, पोराच्या कमरेला करगोटा. वर्ष चांगलें आलें कीं हातीं आलेले रुपये सोनाराकडे आटावयाला जात, वर्ष फिरलें कीं तेच डाग परत बाजारांत. हा व्यवहार सोपा होता, कारण सरकारी रुपया हाच चांदीचा होता. त्याचें वजन बरोबर एक तोळा, म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम, आणि त्यांत बारा भागांस अकरा भाग चांदी. म्हणून आपले लोक वजनाला रुपयेभार म्हणत. सोनाराच्या मापांवर विश्वास नसला तर बाईनें एका पारड्यांत डाग टाकावा, दुसऱ्यांत आपल्या गांठीचे रुपये टाकावे. निरक्षर बाईच्या हातांतला तो पक्का तराजू होता. १९४० सालीं रुपयांतली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ सालीं ती अजिबात जाऊन निकेल आलें. तो तराजू तेथें संपला.

पण त्याच्याही आधीं एक घाव बसला होता, आणि तो कोणाच्या लक्षांतही आला नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांनीं फार सोसलें. गुरें गेलीं, माणसें देशोधडीला लागलीं, आणि बायांच्या अंगावरची चांदी गांवोगांवहून निघून मुंबईच्या टांकसाळींत वितळावयाला गेली. तरी त्या वेळीं निदान एवढें होतें कीं टांकसाळ कोणाचीही चांदी घेऊन तिचे रुपये पाडून देत असे, त्यामुळें चांदीला रुपयाचा आधार होता. जून १८९३ मध्यें सरकारनें तो दरवाजा बंद केला. रुपया वर धरून ठेवला, चांदी मात्र खालीं घसरली. पुढें १८९६-९७ चा दुष्काळ आला, मागोमाग १८९९-१९०० चा आला. त्या वेळीं आमच्या आज्यापणज्या तेच वाळे, तेच तोडे घेऊन पेठेंत गेल्या. तोळ्याला रुपया मिळेना, त्याहून पुष्कळ कमी मिळूं लागला. घरांत चोर शिरला नव्हता, डाग कोणी हिसकावला नव्हता, वजनही गुंजभर कमी झालें नव्हतें. सरकारी कागदावर एक सही झाली आणि दोन पिढ्यांची पुंजी कमी झाली. दरवाजा बंद करणारांनीं माळावरच्या बाईला विचारलें होतें काय?

आणि त्याहून मोठी किल्ली होती ती सावकाराच्या पेटीची. तीच आपल्या मुलुखाला नडली. शिरूर तालुक्यांतल्या करडे गांवाचें नांव इतिहासांत आहे. १८७४ च्या अखेरीस काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुखांवर दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळविला, तेव्हां गांवानें सावकारावर बहिष्कार घातला. त्याची जमीन कोणी करीना, न्हावी त्याच्याकडे जाईना, पाणी कोणी भरीना. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा झाला. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें, आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच भीमथडींत मोडत असे. दंग्याचें लोण पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गांवोगांवीं गेलें, शेंकडों माणसें पकडलीं गेलीं. लोकांनीं सावकारांच्या दारांत जाऊन मागितलें काय? खतें आणि रोखे. तीं मिळालीं तेथें होळी केली आणि लोक घरीं गेले. जो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं आणि ज्या पेटीची किल्ली आपल्याजवळ नाहीं, तो कागद आपलें शेत नेतो, हें त्यांना शाळेवांचून समजलें होतें. त्या दंग्याची चौकशी झाली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे त्यांत आले. त्या कायद्यांत कुळाला पावती मागण्याचा आणि वर्षाच्या हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला होता. दंगा केला तेव्हां पावती मिळाली, असें म्हटलें तरी चालेल.

बायांनो, आतां कायद्याचें तुमच्याविषयीं काय म्हणणें आहे तें ऐका. १९५६ च्या कायद्यानें हिंदु बाईची मालमत्ता पूर्णपणें तिची झाली. त्यापूर्वीं विधवेला जें मिळे तें ती जिवंत असेपर्यंतच, विकण्याची सत्ता नाहीं. महाराष्ट्रानें १९९४ सालीं लेकीला वडिलार्जित मिळकतींत लेकाबरोबर हक्क दिला, साऱ्या देशांत तो २००५ सालीं आला. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रतिभा राणी या बाईच्या खटल्यांत निकाल दिला कीं बाईच्या अंगावरचे आणि लग्नांत तिला मिळालेले डाग हें तिचें स्त्रीधन होय. तें सासरच्यांनीं सांभाळावयाला घेऊन परत दिलें नाहीं तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, आणि १९९२ सालीं सरकारनेंही नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचें नांव लावण्याची सोय केली. किती घरांनीं लावलें? येथें बसलेल्या पुरुषांनीं आपापला उतारा डोळ्यांपुढें आणावा. आम्ही कोणाला उभें करून विचारणार नाहीं.

सातबाऱ्यावर नांव नाहीं आणि कमरेला छल्ला नाहीं, अशी आज पुष्कळींची स्थिति आहे. आतांची किल्ली लोखंडाची राहिलेली नाहीं. ती चार आंकड्यांची आहे आणि बँकेच्या यंत्रांत दाबावी लागते. २०२४ सालीं सरकारनें लाडकी बहीण योजना काढली, महिना १,५०० रुपये बाईच्या खात्यांत जमा होऊं लागले. खातें बाईचें, नांव बाईचें, अंगठा बाईचा. कार्ड कोणाच्या खिशांत? चार आंकडे कोणाला पाठ? मोबाइलवर जो निरोप येतो तो वाचतो कोण? रांजणगांवच्या कारखान्यांत आमच्या मुली पाळीला जातात, गळ्यांत ओळखपत्र असतें, पगार खात्यांत जातो. त्यांच्यापैकीं कित्येकींचें कार्ड घरीं असतें आणि त्या बसभाड्याला पैसे मागून घेतात. नवरा वाईट आहे म्हणून हें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तो बिचारा सोय म्हणून ठेवतो. पण ज्या दिवशीं तो अपघातांत सांपडतो, त्या दिवशीं दवाखान्याच्या दारांत बाईला चार आंकडे ठाऊक नसतात, ही सोय कसली?

शिंपीबांधवांनाही एक विचारावयाचें आहे. पुरुषाच्या सदऱ्याला खिसा, बंडीला आंतून खिसा, लेंग्याला खिसा. बाईच्या पोलक्याला कांहीं नाहीं, मुलीच्या पंजाबी ड्रेसलाही बहुधा नाहीं. म्हणून ती पैशाचें पाकीट चोळींत खुपसते आणि मोबाइल हातांत धरून गर्दींत चढते. वीतभर कापडानें हें मिटेल. मजुरी थोडी वाढवून घ्या, पण खिसा लावा. जुन्या चंचीचा आंतला खण जाऊन जाऊन कोठें जाणार? त्याला जागा पाहिजेच.

सोनारबांधवांवर आमचा राग नाहीं. १९६३ सालीं सोन्याचें नियंत्रण आलें, चौदा कॅरटच्या वर दागिना घडवूं नये असा नियम झाला, आणि गांवोगांवचे हातकारागीर अर्धपोटीं राहिले, हें आम्ही विसरलों नाहीं. नियंत्रणाचा कायदा १९९० सालीं उठला, पण मोडलेले धंदे परत उभे राहिले नाहींत. आज चांदीचा पुष्कळसा माल कोल्हापूरकडील हुपरीहून येतो आणि इकडे नुसता विकला जातो. मात्र जो माल विकावयाला तुम्ही जातां, तेथें जरा सावध राहा. आजी सांगून गेली असेल कीं छल्ला वीस तोळ्यांचा आहे. तिचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजच्या पेढीवर बोलण्यांत तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आजीचे वीस तोळे म्हणजे २३३ ग्रॅम होतात, दोनशें नव्हेत. तोंडी हिशेब केला तर तेहतीस ग्रॅम चांदी बोलण्याबोलण्यांत जाते. तेव्हां डाग घरून निघण्यापूर्वीं त्याचें वजन ग्रॅमांत करून घ्या, पोराच्या वहींत तारीख घालून लिहून ठेवा, मोबाइलवर त्याचा फोटो काढा. घट किती धरली, डाकाचे किती वजा केले, चांदी किती टक्के ठरवली, हें तिन्ही वेगवेगळें लिहून मागा. गहाण टाकावयाचा प्रसंग आला तर परवाना असलेल्या सावकाराकडे, बँकेंत किंवा पतपेढींत टाका आणि पावतीवर डागाचें वर्णन आणि वजन असल्याखेरीज हात सोडूं नका. बिगरपरवाना सावकारी करणारावर २०१४ च्या कायद्यानें कारवाई होते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करावी लागते. आणि गहाणखत बाईच्या नांवें करा, कारण डाग तिचा आहे.

छल्ला मोडावा कीं ठेवावा हें ज्याच्या त्याच्या घरच्या गरजेवर आहे, त्याबद्दल आम्ही कोण सांगणार? चिमटा मात्र मोडींत कोणी घेत नाहीं. पेटीच्या तळाशीं सांपडला तर गंज काढून, टोंकें लोहाराकडून जुळवून घेऊन पोरींच्या हातीं द्या. साखर कारखाने झाले, कालवे आले, तरी माळावर वेड्या बाभळी पूर्वींपेक्षां जास्तच माजल्या आहेत.